वाफ्याखालचा गारवा

उन्हाळा नुकताच कुठे तोंड दाखवत होता, तरी गिरणीवालीच्या घराची पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नव्हती. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. पुढच्या खोलीत तिचा नवरा पडून असायचा, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि अंगणाच्या कडेला वेगळ्या छपराखाली पिठाची गिरणी. गिरणी ती एकटी चालवायची. पट्टा चढवायचा, दाणे ओतायचे, पीठ चिमटीत चोळून बघायचं, दगड गुळगुळीत झाले की ते उलटे पाडून छिन्नीने टाकी लावत, पुन्हा खरखरीत करत बसायचं. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर कायम पीठ. गावातली पोरं तिला लांबून बघून म्हातारी समजत.

नवऱ्याला लोक अजूनही वायरमनच म्हणत. झटका लागून विजेच्या खांबावरून पडला त्याला चार-दोन वर्षं होऊन गेली होती. मान मोडली. जीव राहिला, पण खांद्यांखालचं अंग त्याचं उरलं नाही. जीभ मात्र पहिल्याइतकीच चालायची. कुणी भेटायला आलं आणि फार हळहळायला लागलं, की तो म्हणायचा, "बसा हो. मी कुठे पळून चाललोय?"

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती. मानेखाली याला घाम येत नाही. खोली तापली की हाही तापणार, चुलीजवळ ठेवलेल्या भांड्यासारखा. मागच्या उन्हाळ्यात ती गोष्ट खरी ठरली. ताप मेंदूत गेला, डोळे पांढरे झाले, आणि इस्पितळात बर्फात ठेवून त्याला परत आणावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "खोली गार ठेवा. दुसरं औषध नाही."

खोली गार ठेवा. सांगायला सोपं होतं. सकाळ कलली की ती त्याच्या अंगावर ओली चादर घालायची. चादर बघता बघता सुकायची. मग गिरणीत दाणे ओतून ती आत पळायची, चादर भिजवायची, त्याची कूस बदलायची, पाठीला कुठे लाल झालंय का बघायची आणि पुन्हा धावत गिरणीत. कधी उशीर व्हायचा, वरचे दाणे संपायचे आणि दगडावर दगड घासून करपट वास सुटायचा.

"बाई, दळण टाकलंय की भाजायला दिलंय?" गिऱ्हाईक म्हणायचं.

ती करपलेलं पीठ स्वतःच्या डब्यात घ्यायची आणि गिऱ्हाइकाला आपल्या घरचे दाणे दळून द्यायची. तरीही लोक हळूहळू लांबच्या गिरणीकडे वळायला लागले होते.

कूलर लावून झाला होता. त्याने गादी दमट व्हायची आणि पाठीची कातडी सोलपटायची. मग तिने जुना एसी घेतला, कुणाच्या तरी दुकानातून काढलेला. तो सकाळी झकास चालायचा आणि दुपारी, ऐन गरजेच्या वेळी, दोन उसासे टाकून बंद पडायचा.

"नातेवाइकांसारखा आहे," वायरमन म्हणाला. "बरं चाललंय तोवर सोबत."

शेवटी तिने बर्फ्याला बोलावलं. बर्फ्याचं बाजारात फ्रिज दुरुस्तीचं दुकान होतं. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. बडबड्या माणूस, दहा उद्योग करायचा, त्यातले सहा बसायचे. पण जे बसायचे ते बसले म्हणून कबूल करायचा, एवढा त्याचा गुण होता.

तो भर दुपारी आला. भिंतीवर लटकवलेल्या बाहेरच्या डब्याला त्याने हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"याचा काय दोष? आतली उष्णता बाहेर टाकायची हे याचं काम. बाहेर आधीच भट्टी पेटलीय. टाकणार कुठे?"

"मग?" तिने विचारलं.

बर्फ्याने पायाने जमीन ठोकली. "इथे. पुरुषभर खाली जमीन तापतही नाही, गारठतही नाही. नळी पुरायची, तिच्यात पाणी फिरवायचं. आतली उष्णता त्या पाण्याला द्यायची, पाणी ती खाली मातीत सोडून गार होऊन परत येणार. हा डबा भिंतीवरून काढू. यातलं इंजिनच वापरू. ज्याला आता धाप लागते ते मजेत चालेल, वीजही निम्मी-शिम्मी खाईल."

"कुठे केलंयस असलं?" आतून वायरमनचा आवाज आला.

"दोन ठिकाणी."

"चालतंय?"

"एका ठिकाणी चालतंय," बर्फ्या म्हणाला. "दुसऱ्या ठिकाणी खड्डा उथळ राहिला. मालकाला घाई होती, मला अक्कल नव्हती. महिनाभरात माती तापली आणि सगळं मुसळ केरात."

वायरमन हसला. "माणूस खरं बोलतोय. कर काय करायचं ते."

पण बर्फ्याने अंगणात पहार मारून बघितली आणि त्याचा चेहरा पडला. गुडघाभर मातीखाली पहार खण्णकन वाजली. चार जागी मारली, चारही जागी तोच आवाज. काळा खडक.

मग तो सरळ उभा राहिला आणि अंगणाच्या मधोमध गेलेल्या तारेच्या कुंपणापलीकडे बघू लागला. पलीकडे काळी, भुसभुशीत, ओलसर माती होती आणि तिच्यात वांग्यांचे वाफे. एके काळी तिथे डबकं होतं, सासऱ्यांनी ते गाळाने बुजवलं होतं.

"असली माती पाहिजे," तो म्हणाला. "कुणाची आहे?"

गिरणीवालीने पहार उचलून भिंतीला टेकवली.

*

पलीकडे वायरमनचा थोरला भाऊ राहायचा. दादा विहिरी खणणारा होता. एके काळी त्याच्या हाताखाली वीस माणसं असायची आणि आसपासच्या चार गावांतल्या विहिरी त्याच्या पहारीने उघडलेल्या होत्या. मग बोअरची गाडी आली. महिन्याचं काम ती दिवसात करायची. दादा खाटेवर बसला तो बसलाच. हातांना काम नाही म्हटल्यावर त्याचं सगळं बळ कपाळावरच्या आठीत जाऊन बसलं होतं.

कुंपण झालं ते पाण्यावरून. वायरमन पडल्यानंतर त्याच्या चादरी, लंगोट, सगळं रोज धुवावं लागे, आणि अंगणाला उतार पलीकडे. ते पाणी जावेच्या वाफ्यांकडे जायचं. एक दिवस जाऊबाई नाकाला कापड लावून दारात आली आणि चार बायकांच्या देखत म्हणाली, "आम्हाला दोन घास सुखाने खाऊ द्याल की नाही?" गिरणीवाली तेव्हा चादर पिळत होती. तिने ती तशीच बादलीत टाकली. तोंडाला तोंड लागलं. दुसऱ्या दिवशी दादाने तार ओढली. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. धुण्याचं पाणी ती बादल्या भरभरून मागच्या ओढ्यात नेऊन ओतायची.

आता त्याच दारात जायचं होतं.

ती संध्याकाळी गेली. केस झटकून, तोंड धुऊन. जाऊबाई पायरीवर दाणे निवडत बसली होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. बस म्हणाली नाही. गिरणीवालीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सांगताना तिचे तिलाच शब्द खोटे वाटायला लागले. जमिनीतून गारवा आणायचा म्हणे.

खाटेवरून दादा म्हणाला, "म्हणजे जमीन माझी, आणि तिच्या पोटातला गारवा तुम्ही नेणार."

"नेणार म्हणजे, दादा, पाणी फक्त फिरून येणार."

"फिरून येताना काय सोडून येणार?"

ती म्हणाली, "खोलीतली उष्णता."

"ऐकलंस?" दादा बायकोला म्हणाला. "त्यांच्या घरातली आग आपल्या वाफ्यात."

जाऊबाईच्या सुपातले दाणे थांबले. "माझी वांगी करपतील."

"बर्फ्या म्हणतो, एवढ्या खोल मुळं जात नाहीत. वरच्या झाडाला कळणारही नाही."

"बर्फ्या म्हणतो!" दादा उठून बसला. "मी जन्मभर जमिनीत उतरलोय. मला बर्फ्या शिकवणार जमिनीत काय असतं ते? आधी तुमचं घाण पाणी, आता तुमची आग. तुम्हाला आमच्याशिवाय टाकायला दुसरी जागा नाही का?"

गिरणीवालीचे कान लाल झाले. बोलायला तिच्याकडेही पुष्कळ होतं. पण बोलून मोकळी झाली असती तर आशाच संपली असती. ती वळली. फाटकाची कडी लावताना दोनदा सुटली. कुणी उठून लावली नाही.

घरी आल्यावर वायरमनने विचारलं, "काय म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"चहा दिला का?"

"बस सुद्धा म्हणाले नाहीत."

"लहानपणी आमचं जेवण एका ताटात असायचं," तो म्हणाला. "मोठा घास तोच घ्यायचा. सवय आहे मला."

*

दुसऱ्या दिवसापासून तिने आपल्याच अंगणात खणायला सुरुवात केली. खडक तर खडक. पहाटे गिरणी उघडण्याआधी आणि दिवस कलल्यावर. बर्फ्याने बजावलं की याला सुरुंग लागेल, पहारीचं काम नाही. तिने ऐकलं नाही. काहीतरी करत राहिलं की रात्री झोप लागते, एवढंच तिला कळत होतं.

पहार जुनी होती, टोक बोथटलेलं. मारली की हातांना झिणझिण्या यायच्या, त्या खांद्यात चढायच्या. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले. फोड फुटले, त्यांत पीठ बसलं, पिठावर घाम. चिंधी गुंडाळून ती पुन्हा मारायला लागली. खडकाची कपची नखाएवढी उडायची.

कुंपणापलीकडे दादा खाटेवर बसून बघायचा. बघायचं नाही असं ठरवून तो पाठ करून बसायचा, आणि पहारीचा आवाज चुकीचा आला की मान आपोआप वळायची.

"पहार अशी धरतात?" तो कुणाला तरी म्हणायचा. "कंबर मोडून घेईल. खडकाची शीर बघायची असते आधी."

"जाऊन सांगा मग," जाऊबाई म्हणायची.

"मी कशाला सांगू?" आणि तो पुन्हा पाठ फिरवायचा.

वायरमन आतून पहारीचे घाव ऐकायचा. एकदा तिला म्हणाला, "राहू दे गं. मागचा उन्हाळा काढला, हाही काढेन."

"तुम्ही काढाल," ती म्हणाली. "मी नाही काढणार." आणि चिंधी दातांनी ओढून घट्ट केली.

*

त्या दिवशी वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. गिरणीत एका लग्नघराचं मोठं दळण आलं होतं, पोत्यावर पोती. पुष्कळ दिवसांनी एवढं काम आल्यामुळे तिला ते सोडवत नव्हतं. वायरमनच्या उशीशी, गालाने दाबता येईल असं एक बटण होतं. त्यानेच सांगून सांगून ते बसवून घेतलं होतं. दाबलं की गिरणीत लाल दिवा लागायचा. ती दिव्याकडे एक डोळा ठेवून दळत होती. दिवा लागत नव्हता, म्हणून निश्चिंत होती.

पण घराचा फ्यूज उडाला होता. गिरणीचं मीटर वेगळं, तिथे सगळं चालू. खोलीतला पंखा थांबला, एसी थांबला आणि लाल दिव्याचं बटणही मेलं. वायरमन गालाने बटण दाबत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने हाक मारली. त्याच्या छातीत दम राहिला नव्हता, हाक गिरणीपर्यंत जायची नाही, आणि बाहेर गिरणी धडधडत होती.

कुंपणापलीकडे जाऊबाई वांगी तोडत होती. खोलीची खिडकी त्या बाजूला. तिला ऐकू आलं.

"वहिनी."

तिने हात थांबवला. मग पुढचं वांगं तोडलं. भास असेल, तिने स्वतःला सांगितलं. बायको आहे ना त्याची.

"वहिनी... ए वहिनी."

तिने टोपली उचलली आणि घराकडे दोन पावलं टाकली. मागून पुन्हा हाक यायला हवी होती. आली नाही. ती थांबली. थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. फक्त गिरणीचा आवाज. मग टोपली टाकून ती तारेकडे धावली. तार खाली दाबून पलीकडे गेली, बाही अडकून टरकन फाटली.

खोलीत शिरताच तिचा श्वास कोंडला. पत्र्याखालची हवा नाकात शिरत नव्हती. वायरमनचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे अर्धे उघडे. अंगावरची चादर कडकडीत सुकलेली. तिने त्याच्या दंडाला हात लावला. बाहेरच्या भिंतीसारखा दंड, तापलेला आणि कोरडा. एवढ्या उकाड्यात घामाचा थेंब नाही.

"भाऊजी! भाऊजी, इकडे बघा!"

त्याने ओठ हलवले. तिने कोपऱ्यातली घागर उचलली आणि निम्मी त्याच्या अंगावर ओतली. चादर भिजवली, मानेखाली घातली, काखेत घातली. मग तिला वास आला. अंथरूण खराब झालं होतं. ती क्षणभर थबकली. मग फाटकी बाही वर सारली, त्याला कुशीवर वळवला, पुसला, धुतला. तो जड होता. वळवताना त्याचा निर्जीव हात तिच्या पाठीवर पडला, तो तिने लेकराचा ठेवावा तसा उचलून बाजूला ठेवला.

गिरणीवाली पीठ झटकत दारात आली तेव्हा जाऊबाई त्याच्या छातीवर पाणी मारत होती. ती दारातच थिजली.

"उभी काय राहिलीस?" जाऊबाई ओरडली. "बर्फ आण! आणि यांना म्हणावं पंखा बघा. जा!"

ती पळाली. दादा अनवाणी आला, फ्यूजची तार बसवताना त्याची बोटं चुकत होती. बर्फ्या दुकानातला सगळा बर्फ पोत्यात घालून घेऊन आला. डॉक्टरांचा माणूस आला, सुई दिली, थांबून राहिला. दोघी जावा आळीपाळीने चादरी भिजवत होत्या. एक पिळायची, एक घालायची. पहिल्यांदा वायरमनच्या डोळ्यांनी माणूस ओळखलं, मग ओठांनी पाणी मागितलं. दिवस बुडता बुडता अंगाचा चटका हाताला लागेनासा झाला. डॉक्टरांच्या माणसाने नाडी धरून मान हलवली. "निभावलं," तो म्हणाला.

गिरणीवाली जमिनीवरच बसली. जाऊबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा खाटेकडे.

"ही खोली रोज अशीच असते?"

"दुपारी अशीच."

"मला वाटायचं, तू दळण सोडून उगाच आत जाऊन बसतेस."

गिरणीवालीला या बोलण्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिने जावेची फाटलेली बाही बघितली. "सुई-दोरा देऊ?" तिने विचारलं.

"आता कसली सुई? चहा टाक. यांनाही दे. दारात ताटकळलेत मघापासून."

*

सकाळी दादा उठला तेव्हा बायको वाफ्यात वाकलेली होती. ती वांग्यांची झाडं उपटत होती. फळं धरलेली, हिरवीगार झाडं. एकेक उपटून माती झटकून बाजूला रचत होती.

"वेड लागलं का?"

"खोदायला जागा करतेय."

"मी नाही म्हटलंय त्यांना."

"तुम्ही म्हटलंत," ती मान वर न करता म्हणाली. "वाफा माझा आहे."

दादा खाटेवर जाऊन बसला. थोड्या वेळाने गिरणीवाली आली, तारेचा एक पदर खांबापासून सोडवून आत आली, आणि दोघी खणायला लागल्या. एक कुदळीने, एक फावड्याने. माती लोण्यासारखी निघत होती. दादा चहा पीत बघत राहिला. दोघी मांडीइतक्या खोल गेल्या. उकरलेली माती त्या अगदी कडेलाच रचत होत्या.

दादाने कप आपटून ठेवला.

"बाहेर निघा! दोघीही! कड ढासळली तर उभ्या गाडल्या जाल. ढीग दोन हात लांब टाकायचा असतो, एवढं कळत नाही? आणि भिंत सरळ कसली पाडताय? ही गाळाची माती आहे, हिला उतार द्यायचा. व्हा बाजूला."

तो घरात गेला. बाहेर आला तेव्हा खांद्यावर त्याची पहार होती, फडक्यात गुंडाळून, तेल लावून ठेवलेली. त्याने सदरा काढून खाटेवर फेकला, तळहातावर थुंकला आणि खड्ड्यात उतरला.

मग कामाला खरी सुरुवात झाली. दादा खणायचा, दोघी घमेली ओढायच्या. पहिल्या दिवशी त्याला खोकल्याची उबळ आली, दुसऱ्या दिवशी कंबर धरली, आणि त्यानंतर त्याचं अंग जुन्या चालीवर आलं. घाव, श्वास, घाव, श्वास. गुडघे, कंबर, खांदे, मग डोकंही खड्ड्यात दिसेनासं झालं आणि आतून नुसता आवाज येऊ लागला. "घमेलं! अगं घमेलं, झोपलात काय?" त्याच्या जुन्या गड्यांपैकी दोघे उगाच बघायला आले आणि बघता बघता उतरले. तळाशी पोचल्यावर दादाने एक ढेकूळ उचलून वर फेकलं.

"दाखव त्याला," तो म्हणाला.

गिरणीवालीने ते ढेकूळ आत नेऊन वायरमनच्या गालाला लावलं. तो दचकला. त्याने डोळे मिटले आणि बराच वेळ गाल काढला नाही.

"हे असलं आपल्या दाराशी होतं," तो म्हणाला, "आणि आपण बाजारातून बर्फ आणत होतो."

बर्फ्याने काळ्या नळीची वेटोळी आणली. ती चराच्या तळाशी नागमोडी पसरायची, एक वळण दुसऱ्याला चिकटू द्यायचं नाही. वेटोळ्यात राहून नळी आडमुठी झाली होती, दाबली इकडे की उसळायची तिकडे. शेवटी जाऊबाई आणि गिरणीवाली चरात उतरून तिच्यावर चक्क बसल्या आणि पुरुषांनी वरून गाळ लोटला. बर्फ्या ओरडत होता, "पोकळी ठेवू नका! माती नळीला चिकटली पाहिजे! पाणी मारा!" चर भरला, तुडवला, पुन्हा भरला. हाताशी हत्यारं होतीच, म्हणून दादाने कुणी न सांगता मागच्या बाजूला एक शोषखड्डा खणला आणि धुण्याच्या पाण्याचा पाट तिकडे वळवला.

जोडणी वायरमनने पडल्या पडल्या करून घेतली. कुठली तार कुठे, अर्थिंग किती खोल. बर्फ्या एकदा म्हणाला, "एवढं कशाला?" तेव्हा तो म्हणाला, "माझ्याकडे बघ आणि मग विचार." बर्फ्याने अर्थिंग खोल घातलं.

आणि मग यंत्र सुरू केलं तर काहीच झालं नाही. पंप गुरगुरला, नळी थरथरली, पाणी फिरेना. गार वाऱ्याऐवजी कोंदट हवा आली. सगळे खोलीत जमलेले. बर्फ्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. दादाने आठी घातली. गिरणीवाली खाटेची कड धरून उभी होती.

"हेही बसलं का रे?" वायरमन म्हणाला.

"हवा अडकलीय," बर्फ्या पुटपुटला. "नळीत हवा अडकलीय. थांबा जरा." तो बाहेर गेला, सगळ्यात उंचावरची तोटी त्याने सैल केली. आधी फस्स झालं, मग थुंकल्यासारखं पाणी उडालं, पुन्हा फस्स. तो घटकाभर तिथेच उकिडवा बसून राहिला, तोटी उघडत आणि मिटत. जाऊबाई बादलीने पाणी भरत राहिली. मग एकदम धार लागली, सलग, जाड, आणि पंपाचा आवाज बदलला. गुरगुर थांबून तो एका सुरात गुणगुणायला लागला.

आत वायरमनच्या कपाळावरची एक बट हलली.

"आलं," तो म्हणाला.

गिरणीवालीने जाळीसमोर हात धरला. फोडांचे व्रण पडलेला तळहात. तिने तो तसाच धरून ठेवला. दादाने हळूच आपलाही हात पुढे केला, आणि बायको बघतेय असं दिसल्यावर मागे घेतला.

*

उन्हाळा त्यानंतर खरा तापला. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. पण यंत्र दुपारीही त्याच सुरात गुणगुणत राहायचं. विजेचं बिल आलं तेव्हा तिने ते दोनदा उलटसुलट करून बघितलं आणि खुंटीला टोचून टाकलं. चादर आता कोरडी असायची. पाठीवरचे लाल डाग मावळले. करपट वास बंद झाला आणि लांबच्या गिरणीला गेलेली पोती एकेक करून परत यायला लागली.

तारेचा सोडवलेला पदर कुणी पुन्हा बांधला नाही. जाऊबाईने भरलेल्या चरावर नवी रोपं लावली होती. रोज सकाळी ती वाकून जमिनीला हात लावून बघायची, तापलीय का. तापलेली नसायची. तरी बर्फ्या दिसला की ती त्याला दम द्यायची, "एक जरी रोप वाळलं ना, तर तुझ्या दुकानात आणून लावीन."

एका दुपारी गिरणीवालीचं दळण लवकर आटोपलं. पट्टा उतरवून, पिठाने माखलेली, ती खोलीकडे आली. दार लोटलेलं होतं. तिने ते ढकललं आणि पाऊल उचललेलं तसंच राहिलं. ठेवायला जागा नव्हती. दादा भिंतीशी आडवा झाला होता, तोंड उघडं, घोरत. त्याचे दोन जुने गडी एकमेकांच्या पायांना डोकी लावून निजले होते. बर्फ्या यंत्र तपासायला म्हणून आला होता, तो यंत्राखालीच पान्हा हातात धरून झोपला होता. खाटेच्या पायथ्याशी जाऊबाई, समोर भाजीची परात, विळी बाजूला सरकवलेली, गुडघे पोटाशी घेऊन गाढ.

सगळ्या खोलीत वायरमन एकटा जागा होता.

तिने काही बोलायला तोंड उघडलं. त्याने भुवया उंचावून मान हलवली. गप्प. मग अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला,

"वहिनीच्या अंगावर काहीतरी घाल. गारठल्यात."

तिने खुंटीवरची चादर काढली आणि माणसांतून वाट काढत पुढे गेली.